केस की ब्लेड

फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला मेल-फीमेल फिटिंगचा जॉब असतो. एका लोखंडी पट्टीला चौकोनी खाच, दुसरीला तशीच जीभ. दोन्ही कानशीने घासून अशा करायच्या की जीभ नुसत्या हाताने खाचेत सरकावी आणि जोडी ट्यूबलाइटसमोर धरली तर फटीतून उजेड दिसू नये. आमच्याकडे जिभेचं माप २५ मिमी आणि सूट अधिक-उणे ०.०४. वीस जणांच्या युनिटमध्ये पहिल्या फेरीला दोघा-तिघांचं जमतं. बाकीच्यांच्या फटीतून पलीकडच्याशी डोळ्यांनी बोलता येतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे. आधी सात वर्षं वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली, मग निदेशकाचं ट्रेनिंग मुंबईला चुनाभट्टीला केलं. तिथे शिकवण्याच्या चार पायऱ्या पाठ करून घेतल्या होत्या: तयारी, सादरीकरण, करून पाहणं, चाचणी. त्याप्रमाणे मी वर्नियर कॅलिपर, म्हणजे सरकत्या पट्टीने मिलिमीटरचेही बारीक भाग मोजायचं साधन, शिकवतो. फळ्यावर मोठं चित्र काढतो, सरकत्या पट्टीवर ४९ मिमीचे ५० भाग, म्हणून एक भाग ०.९८, म्हणून लघुत्तम माप, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२. मुख्य पट्टीशी जुळलेल्या रेषेचा नंबर गुणिले ०.०२, अधिक मुख्य पट्टीवरचं माप. पोरं माना डोलावतात. मान डोलली की समजलं, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

त्या दिवशी सकाळी जॉब तपासायला घेतले. टेबलावर वर्नियर, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर, शेजारी जॉब कार्डांची चवड. प्रत्येकाने आपला जॉब स्वतः मोजून मापं कार्डावर लिहायची, मग मी पडताळतो. पाचवा-सहावा जॉब हातात आला आणि मी जरा थांबलोच. जीभ खाचेत ठेवली, अंगठ्याने दाबली, सरकन आत गेली. उलटी करून घातली तरी तशीच. उजेडाला धरली, कुठे रेघ नाही. कडा काटकोनात, पृष्ठभागावर एका दिशेच्या बारीक रेषा, कुठे पोट नाही. नवीन पोरांच्या जॉबला हमखास पोट येतं, कारण कानस ढकलताना हात झोपाळ्यासारखा वर-खाली होतो आणि दोन्ही टोकं जास्त घासली जातात. हा जॉब सपाट होता.

कार्ड पाहिलं. तीन ठिकाणची मापं: २५.२, २४.९८, २५.४.

२५.४ ची जीभ २५ च्या खाचेत जाईल कशी? म्हणजे कार्ड खोटं किंवा जॉब दुसऱ्याचा. आमच्याकडे दर वर्षी एखादा तरी मागच्या बॅचचा गंजलेला जॉब पॉलिश पेपरने घासून पुढे करतो. म्हणून सुरुवातीलाच कोऱ्या तुकड्यावर मी नंबर पंच करून देतो. या वेळी पंच मारायचा राहून गेला होता, तोही माझ्याच आळसाने. आणि ज्या मुलाचं कार्ड होतं त्याला मापनाच्या चाचणीत दोन महिने शून्याच्या आसपास मार्क. मागच्या रांगेत बसणारा, बोलायला सांगितलं तरी न बोलणारा.

मी त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाचा जॉब आहे रे हा?"

"माझाच हाय सर."

"मग हे माप काय लिहिलंस? पंचवीस पॉइंट चार? मागच्या बॅचचा उचललास ना?"

तो गप्प. पोरं हसली. मी लाल पेनने कार्डावर लिहिलं, 'जॉब दुसऱ्याचा? चौकशी.' प्रश्नचिन्ह घातलं म्हणजे आपण न्यायाने वागलो, असं वाटलं असावं मला.

मग तो खाली बघूनच म्हणाला, "मला मोजाया जमत न्हाई सर. पन घासलाय मीच. आता घासून दावू का?"

मी कोरा तुकडा दिला. मनात हेच की पाच मिनिटांत उघडा पडेल.

त्याने तुकडा व्हाइसला, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्याला लावला, कोपराच्या उंचीचा अंदाज घेतला. खिशातून खडूचा तुकडा काढून कानशीच्या दातांवर फिरवला. दातांत कीस अडकू नये म्हणून हे करतात. मी कधीतरी ओझरतं सांगितलं असेल, पण वर्गात ते करताना मला कुणी दिसलं नव्हतं. डावा पाय पुढे. कानस पुढे गेली, आणि परत येताना त्याने ती जॉबवरून किंचित उचलली. पुन्हा पुढे, पुन्हा उचलली. कानस पुढे जातानाच कापते. नवी पोरं ती करवतीसारखी मागेपुढे ओढतात आणि दात बोथट करतात; हे मोडायला मला दोन-दोन महिने लागतात. हा मुलगा ते श्वासासारखं करत होता. सुरुवातीला वजन डाव्या हातावर, मध्ये दोन्हीवर सारखं, शेवटी उजव्यावर. दहा मिनिटांनी थांबून त्याने पृष्ठभागावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एका कोपऱ्याशी थांबला, तिथे चार हात मारले आणि तुकडा माझ्यासमोर ठेवला. मी ट्राय स्क्वेअर लावला. उजेड नाही.

"कुठं शिकलास?"

"कोयत्यावर."

आई-बाप ऊसतोडीला. तिसरीपासून दर हंगामाला हा त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत. पहाटे टोळी फडात जायच्या आधी कोयत्यांना कानस लावायचं काम पोरांकडे. आधी आई-बापाचे दोन, मग हात बसला तसे शेजारच्या कोप्यांतलेही. "धार सपाट लागती सर. गोल झाली की ऊस तुटत न्हाई, ठेचतोय. मंग शिव्या बसत्यात." मापाचं त्याने काय केलं तेही सांगितलं. शोकेसमध्ये मी ठेवलेल्या नमुन्याच्या जिभेवर त्याने आउटसाइड कॅलिपर, म्हणजे आकडे नसलेला दोन पायांचा चिमटा लावला, ते माप कॅलिपरमध्येच धरून जॉबवर आणलं आणि घासत राहिला. आकडा मध्ये आलाच नाही. माझ्या आधीच्या पिढीतले अर्धे फिटर असंच काम करायचे.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी त्याचा जॉब वर्नियरने मोजला. २५.०२. २४.९८. २५.०४.

कार्ड शेजारी ठेवलं. २५.२. २४.९८. २५.४.

वर्नियर त्याने बरोबर वाचला होता. जुळलेली रेषा बरोबर पकडली, दोनने गुणलंही. एक दुणे दोन, दोन दुणे चार. फक्त ते दोन आणि चार कुठे बसवायचे ते ठाऊक नव्हतं, म्हणून पॉइंटला चिकटवून ठेवले. दोन महिने मी त्याच्या उत्तरांवर फुल्या मारत होतो, आणि एकदाही त्या फुल्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. सगळ्या फुल्यांखाली चूक एकच होती. पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवतात. ते वर्गात चालू होते तेव्हा हा फडात होता, सहावीत उजळणी झाली तेव्हाही फडातच.

सुट्टीनंतर मी थिअरीचा तास बाजूला ठेवला. मला माझ्या गुरुजींनी दशांश रुपये-पैशांवर शिकवले होते. पंचवीस रुपये पाच पैसे, २५.०५. तेच सुरू केलं आणि दोन वाक्यांत लक्षात आलं की समोर बसलेल्यांपैकी कुणी पाच पैसे पाहिलेलेच नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली, तेव्हा ही पोरं चड्डीत होती. एकाने विचारलंच, "पाच पैशात काय यायचं सर?" लिमलेटची गोळी, म्हणालो, आणि खडू खाली ठेवला.

मग मायक्रोमीटर काढला, स्क्रू फिरवून शतांश मिलिमीटरपर्यंत जाडी मोजायचं साधन. म्हटलं, प्रत्येकाने डोक्याचा एक केस उपटा. पोरं खूश. एकेकाने येऊन केस धरायचा, मी मायक्रोमीटरच्या टोकाचं रॅचेट कट्-कट् होईपर्यंत फिरवायचं, माप त्याने वाचायचं. ०.०६. ०.०८. ०.०७. एकाचा ०.०५ निघाला, त्याला दिवसभर चिडवलं. नंतर टूल क्रिबमधून, म्हणजे अवजारांच्या खोलीतून, हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, ब्लेड मागवलं आणि त्याची जाडी मोजली. ०.६४.

फळ्यावर दोनच आकडे लिहिले. ०.०६ केस. ०.६ ब्लेड. म्हटलं, पंचवीस पॉइंट शून्य सहा म्हणजे पंचवीसला एक केस चिकटलाय, आणि पंचवीस पॉइंट सहा म्हणजे आख्खं ब्लेड. आता सांगा, खाचेत काय जाईल?

मागच्या रांगेतून आवाज आला. न विचारता, वर्षात पहिल्यांदा. "सर, म्हंजी काट्याच्या पावतीवानी."

"कुठला काटा?"

"कारखान्याचा. दोन पॉइंट शून्य सहा पाच आलं म्हंजी दोन टन पासष्ट किलो. शून्य न्हाई वाचला तर साडेसहाशे किलो व्हत्याल. बापाला वाचता येत न्हाई, मीच वाचतो."

वर्गात अर्धी पोरं ऊसतोडीच्या गावांतली. ती एकदम बोलायला लागली. टायरगाडी किती भरते, कुणाच्या पावतीत किती घट धरली, मुकादम काय सांगतो. दशांशाचं तिसरं स्थान, जे मला सांगायचंही नव्हतं, ते त्यांना किलोत माहीत होतं. मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. दशांश येत नाहीत म्हणून ज्याला मी शून्य देत होतो, तो मुलगा दर हंगामात घराच्या मजुरीचे दशांश वाचत होता. पावतीवरचा पॉइंट आणि वर्नियरवरचा पॉइंट एकच, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आणि पावतीबद्दल मी कधी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी माप सांगितलं की शेजारच्या व्हाइसवरून विचारणा होते, "केस की ब्लेड?" तपासणीला आलेल्या साहेबांना ही काय भानगड आहे ते कळेना.

सगळं इतकं गोड झालं नाही, हेही सांगायला हवं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा तो तीन आठवडे आलाच नाही. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात आधीच खर्च झालेली, एक माणूस कमी पडत होता. हजेरी ऐंशी टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसता येत नाही. मी फोन करत राहिलो. कधी लागायचा, कधी आई उचलायची आणि फडातल्या वाऱ्यात काही ऐकू यायचं नाही. तो परत आला तो आपल्या आपण आला. माझ्या फोनने आला असं म्हणवत नाही.

आणि त्या दिवशीची माफी. आळ घेतला वीस जणांसमोर, माफी मागितली टूल क्रिबच्या दाराशी, दोघंच असताना. "चूक झाली रे माझी," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या सर." मग थोडं घुटमळून, "ते कार्डावरचं लाल खोडता यील का?"

लाल शाई खोडली जात नाही. मी कपाटातून नवं कार्ड काढून दिलं. त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून तिन्ही मापं पुन्हा लिहिली. २५.०२, २४.९८, २५.०४. दोन्ही शून्यं बाकीच्या आकड्यांपेक्षा मोठी काढली होती आणि पेन दाबून दोनदा गिरवली होती.