आमची वाटचाल : पंप पुन्हा हिंगण्यात

हिंगणा एमआयडीसीत 1998 साली आम्ही कूलरचे पंप बनवायला लागलो, तेव्हा शेड भाड्याचं होतं आणि वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरची तार गुंडाळायच्या, मशिनी दोनच. नागपुरात कूलर चैनीचा नाही. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो आणि मृग लागेपर्यंत खिडकीत घरघरत राहतो.

2011 मध्ये चीनहून तयार पंप मागवले. नगामागे अठरा रुपये वाचत होते, त्यापुढचं मला दिसलं नाही. मशिनी भंगारात दिल्या. वाइंडिंगवर पाच बायका होत्या. त्यांचा हिशेब करताना मी मान वर केली नाही.

अठरा रुपये कुठे जिरतात ते हळूहळू कळलं. ऑर्डर अख्ख्या कंटेनरची. तीस टक्के आगाऊ, बाकी माल निघण्याआधी. मग जहाजाने न्हावा-शेवा बंदर, तिथून रेल्वेने नागपुरातलं अजनी, आणि तोवर बँकेचं व्याज चालूच. चीनचं नववर्ष नेमकं आमच्या सीझनच्या तोंडावर. 2020 मध्ये ती सुट्टी कोरोनामुळे लांबली. आमचा कंटेनर बंदरात लागला आणि इथे लॉकडाऊन. दुकानंच बंद होती, माल वेळेवर येऊनही विकला नसता, हे कबूल. पण पुढच्या वर्षी जहाजाचं भाडं कित्येक पटींनी चढलं.

तरी मला हलवलं ते बिघडून परत येणाऱ्या पंपांनी. कूलरच्या टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. आपण वरून बोअरचं पाणी ओतत राहतो, टाकी आणखी खारट होते. पंपाचा फिरता दांडा (शाफ्ट) आणि त्याला धरणारी नळी (बुश) यांच्यात पांढरा थर बसतो, पंपातला पंखा अडकतो, वाइंडिंग जळतं. चीनच्या कारखान्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, पाणी बदला!

इथे आमच्या फिटरने जळालेला पंप टेबलावर फोडला, नखाने थर खरवडला आणि म्हणाला, "भाऊ, यात फट वाढवा लागते. अन् खालचं झाकण हातानं निघालं पाहिजे, बाई कुठून आणन स्क्रू-ड्रायवर?" पंप पुन्हा इथेच बनवायचं ठरलं, आणि दोन्ही बदल आठवडाभरात झाले. नंतर वाचलं, की अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनेही वॉटर हीटर 2012 मध्ये चीनमधून लुईव्हिलला परत आणताना जोडणाऱ्या कामगारांना डिझाइनवाल्यांसोबत बसवलं होतं. आमच्याकडे डिझाइनवाला आणि फिटर एकच.

सगळंच काही परत आलं नाही. स्टॅम्पिंग, म्हणजे मोटरच्या गाभ्याच्या कापलेल्या पत्र्याच्या चकत्या, राजकोटहून येतं, पंप आजही थोडा महागच पडतो. पण आता मे महिन्यात ऊन वाढलं की दोनशे नग जास्त काढता येतात.

वाइंडिंगवाल्या पाचपैकी एकच ताई परत आल्या. मशीन नवी होती, तरी पहिल्याच दिवशी तार बोटांत धरून म्हणाल्या, "ताण जास्त आहे." आणि अट घातली : साडेपाचला सुट्टी, सीझन असो की नसो.