तबल्याशेजारी अकूस्टिक गिटार: पिकअप आणि माइक निवडताना

मी भावगीतांच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतो. शेजारी तबला, पलीकडे हार्मोनियम, पायाशी मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर. या गर्दीत गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी आणि तरीही लाकडाचीच वाटावी, एवढी माझी मागणी होती. ती पुरी व्हायला बराच काळ गेला.

छोट्या बैठकीत प्रश्नच नाही, तिथे मी अजूनही माइकच लावतो. लहान डायफ्रामचा (पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, गिटारच्या मानेवरच्या बाराव्या फ्रेटसमोर (धातूच्या पट्टीसमोर) वीतभर अंतरावर. साउंडहोलसमोर (गिटारच्या पोटावरच्या भोकासमोर) धरला की १०० हर्ट्झच्या आसपासची पोटातल्या हवेची घुमण बाकी सगळं झाकून टाकते. कंडेन्सरला मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागते. ती नसेल तर शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक माइक चालतो, पण तारेवरची नखाची चमक त्यात कमी येते. नाट्यगृहात मात्र हाच माइक डग्गाही उचलतो, आणि गिटार जरा वाढवली की मॉनिटर शिट्टी मारतो.

म्हणून पिकअप, म्हणजे गिटारलाच बसवून तिचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. धोबी तलावच्या दुकानांत छोट्या अँपवर सगळेच गोड लागतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. मी मित्रांकडून उसने घेतले आणि गिरगावातल्या तालमीत तबल्यासोबत, मॉनिटर चढवून ऐकले.

सॅडलखालची (तारा टेकतात त्या पट्टीखालची) पिएझो पट्टी दाबातल्या बदलाची वीज करते. ती फीडबॅकला, म्हणजे स्पीकरचा आवाज परत उचलून होणाऱ्या शिट्टीला, सहसा दबत नाही, पण जोरात स्ट्रम केलं की आवाज प्लास्टिकचा होतो. तिची बदनामी मात्र थोडी अन्यायाची आहे. पिएझोला पुढे निदान १ मेगाओहम रोधाचा (इम्पीडन्सचा) इनपुट लागतो. ती थेट मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला जोडली की खर्ज गळून पडतो आणि उरतो तो कर्कश भाग. मध्ये प्रीअँप (सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी पेटी) घातल्यावर तीच पट्टी ऐकवेना अशी राहिली नाही.

ब्रिजच्या (तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) खाली आतून चिकटवायच्या पिकअपच्या चकत्या मला सगळ्यात आवडल्या. आस सुंदर, लाकूड खरं. पण त्या फळीचंच कंपन टिपतात, आणि मॉनिटरच्या आवाजाने फळी स्वतःच हलायला लागते. तबल्याच्या पातळीला पोचण्याआधीच हुंकार सुरू. साउंडहोलवर रबरी झाकण लावून, प्रीअँपवर तेवढीच फ्रीक्वेन्सी कापून पाहिली. थोडं सावरलं, पुरेसं नाही.

राहिला मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाने तारांचं कंपन टिपणारा पिकअप. साउंडहोलमध्ये कसायचा, भोक पाडायची गरज नाही. नायलॉनच्या तारांना तो निरुपयोगी. स्टीलच्या तारांतही ब्राँझचं वेटोळं त्याला जाणवत नाही, आतली पोलादी तारच तेवढी कळते. त्यामुळे वेटोळं नसलेल्या पहिल्या दोन तारा पुढे येतात. प्रत्येक तारेखाली वरखाली करता येणारा स्क्रू असलेला पिकअप घेतला आणि त्या दोन तारांखालचे स्क्रू खाली केले. आवाज जरा इलेक्ट्रिककडे झुकतो, पण मॉनिटरसमोर ठाम उभा राहतो.

मग मॅग्नेटिक पिकअप आणि माइक दोन्ही जोडले, आणि खरी वाट इथे सापडली. मॉनिटरमध्ये फक्त मॅग्नेटिक. कंडेन्सर माइक फक्त प्रेक्षकांच्या स्पीकरला, तोही २०० हर्ट्झच्या खालचं कापून. खर्ज पिकअप सांभाळतो, हवा आणि नखांचा स्पर्श माइक देतो. माइक मॉनिटरमध्ये जातच नाही, म्हणून शिट्टीची मुख्य वाटच बंद होते. डग्गा माइकमध्ये येतो, पण खालचं कापल्यामुळे त्याची घुमण त्रास देत नाही.

एक चाचणी मी कधीच सोडत नाही. दोन्ही चालू ठेवून माइकच्या चॅनेलचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून पाहायचं. ज्या बाजूला आवाज भरीव लागतो ती ठेवायची. उलट्या बाजूला गिटार पोकळ होते आणि मग इक्यू (खर्ज आणि वरचे सूर कमीजास्त करायची बटणं) कितीही फिरवा, भरत नाही. माइकचं अंतर हललं की हे पुन्हा पाहावं लागतं. साउंडवाल्या दादांकडून तेवढी दोन मिनिटं मी प्रेक्षक आत यायच्या आधीच मागून घेतो.