तीनचा आठ

मंगळवारी माझ्या हातून तीनचा आठ झाला आणि त्यापायी चार माणसांचा अर्धा दिवस गेला.

मिनियापोलिसमधल्या या कंपनीत मी उन्हाळ्यापुरती इंटर्न आहे. अँजिओप्लास्टीच्या वेळी मनगटातून आत सरकवतात ती कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घ्यायची, ३७ अंशाच्या पाण्यात भिजवायची, मशीनच्या जबड्यात धरून तुटेपर्यंत ओढायची आणि किती ताणाला तुटली ते वहीत लिहायचं, हे माझं काम. नळी ६ फ्रेंचची. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे नळी अवघी २ मिलिमीटर जाडीची. तिच्या जोडाने किमान १५ न्यूटन ताण सोसला पाहिजे असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. पिशवीत दीड किलो कांदे घातले की बंदांवर येतो तेवढा. अशा ५९ नळ्या तोडायच्या. ५९ मध्ये एकही नापास झाली नाही, तर शंभरातल्या निदान ९५ नळ्या पास होतील असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ५८ ला ते म्हणता येत नाही.

एक्केचाळिसाव्या नळीला मशीनवर २८.१ आलं. मी वहीत २३.१ लिहिलं. लगेच लक्षात आलं, म्हणून इंग्रजी तीनला डावीकडून दोन बाक जोडले, आठ झाला, आणि पुढची नळी लावायला घेतली. शेजारी एक टेक्निशियन बाई असतात, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी मशीन थांबवलं आणि वही स्वतःकडे ओढली. "खाली काय होतं ते मला दिसत नाही," एवढंच म्हणाल्या.

नियम मला माहीत होता. पहिल्याच आठवड्यात वाचून खाली सही केली होती. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आपली आद्याक्षरं, तारीख, कारण. गिरवायचं नाही, व्हाइटनर नाही, पेन्सिल नाही, पान फाडायचं नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा, कारण ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि इथे ६ मे. आणि रेघ न मारता गिरवलंच, तर त्या गिरवण्याचाही खुलासा लिहायचा. मग मशीनच्या संगणकातली नोंद शोधली, छापली, पानाला जोडली. मी खुलासा लिहिला, माझ्या वरिष्ठांनी सही केली, क्वालिटीवाल्यांनी येऊन सगळं पुन्हा वाचलं आणि त्यांनी सही केली. मी म्हटलं, २३ असो की २८, १५ च्या किती वर आहे, नळी पासच आहे. बाई म्हणाल्या, "ते तुला माहीत आहे. पाच वर्षांनी हे पान जो वाचेल, त्याला तू माहीत नसशील."

मला राग आला. बाईंचा नव्हे. इथे यायच्या आधी मी वर्षभर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. तिथे ऑडिटच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं संध्याकाळी बसून महिन्याभराचे इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायचो. शाई सारखी दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं दिलेली असत. माल चांगला होता. हे मी छातीठोकपणे सांगते, एकेक नग आम्ही तपासलेला असायचा, फक्त तेव्हाच्या तेव्हा लिहायला कोणाला वेळ नसायचा. आजवर मी हेच सांगत आले. मंगळवारी पहिल्यांदा जाणवलं, की माल चांगला होता याला साक्षीदार आम्ही चौघंच, आणि त्यातली मी तर निघून आले.

रात्री नऊला घरी फोन केला. ठाण्यात सकाळचे साडेसात, बाबांची निघायची वेळ. बाबा ३१ वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, आहेत. सगळं ऐकून म्हणाले, "माल खराब होता का?" नव्हता. "मग?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, अंगठा फिरवून सांगतात अजून किती घासायचं ते, आणि जाडी मोजणारा मायक्रोमीटर नंतर तेच सांगतो. तसा हात मी इथे पाहिलेला नाही. पण त्या अंगठ्याला काय कळलं हे कुठल्याच कागदावर नाही, आणि दोन वर्षांनी बाबा निवृत्त होतील.

गेल्या आठवड्यात जेवताना एका इंटर्नने विचारलं, भारतात ही उपकरणं बनतात का? त्याने साधंच विचारलं होतं, मी मात्र बोलतच सुटले. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवातच आमच्या वागळे इस्टेटमधून झाली, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची झडप १९९० पासून माणसांना बसवली जाते आहे, आमच्याकडे वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे वेगळे नियम आहेत. तुमच्या या गावातही मेडट्रॉनिक कंपनीचा एक संस्थापक अर्ल बॅकन १९४९ मध्ये गॅरेजमध्ये बसून इस्पितळांची यंत्रंच दुरुस्त करत होता, १९५७ मध्ये वीज गेली तेव्हा कुठे त्याने बॅटरीवरचा पेसमेकर बनवला. गॅरेज म्हणजे आपला वागळे इस्टेटमधला गाळाच की! हे सगळं खरं आहे आणि ते मी पुन्हा सांगेन. तीन पेनांचं सांगितलं नाही.

"शिकायला तिकडेच कशाला जायला हवं होतं?" असं विचारणाऱ्या काकांना एवढंच सांगायचं आहे, की ही शिस्त आपल्याकडे कुठेच नाही असं मी म्हणत नाही. मला जिथे नोकरी मिळाली तिथे ती नव्हती, आणि मी तेवीस वर्षांची होते.

त्या रात्री फोन ठेवायच्या आधी मी आईला आजीची फाइल काढायला लावली. आजीची अँजिओप्लास्टी २०१९ मध्ये ठाण्यातच झाली, अशाच नळीतून, उजव्या मनगटातून. तिच्या डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या, खोक्यावरचा स्टिकर चिकटवलेला आहे. त्यावर लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेतला त्याचा आकडा, असतो, आणि त्या नंबरावरून माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेल्या पानापर्यंत पोचता येतं. आईने कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागदाची घडी नेमकी स्टिकरवरून गेली होती आणि शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते. बाबांचा डबा भरून तयार होता, पण ते टूलरूमचं भिंग घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि एकेक आकडा वाचून दाखवू लागले. मी इकडे लिहून घेतले. आई म्हणाली, दुपारी जाऊन लॅमिनेट करून आणते. मी म्हटलं, आधी फोटो पाठव, आत्ताच.