कुलर, मेणबत्ती आणि एक संत्रं

ख्रिस्ती घरातल्या उपासनेत दोन-तीन वर्षांच्या मुलाला घ्यायचं असेल, तर 'बसवायचं' हा शब्द आधी सोडून द्यावा. मोठ्यांची उपासना बसून होते. एक गीत, बायबलातला एक उतारा, मग चार जणांच्या प्रार्थना. त्यातली शेवटची आजोबांची असली की आजाऱ्यांची आणि प्रवासातल्यांची यादी पार छिंदवाड्यापर्यंत जाते. तोवर पोट्टं खाटेखाली शिरलेलं असतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. पाच ते सात मिनिटं, एवढीच त्याची मुदत. आजोबांची यादी त्याला झोपवल्यावर पुन्हा काढता येते.

वेळ जेवण आणि झोप यांच्या मधली बरी. भुकेलं मूल रडतं, आणि फार उशीर केला तर पेंगतं. जागा रोज तीच, चटई तीच. चटई अंथरण्याचं काम मुलाकडे द्यावं. ती तिरकी पडली तरी सरळ करू नये.

उताऱ्यात मुलाच्या तोंडी काहीतरी यायला हवं. स्तोत्र १३६ यासाठी सोन्यासारखं आहे. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. मोठ्यांनी पहिला अर्धा वाचावा, मुलानं दुसरा म्हणावा. सव्वीसच्या सव्वीस मात्र घेऊ नयेत. पहिल्या नऊ ओव्यांत आकाश, पाणी, सूर्य, चंद्र, तारे येऊन जातात, तेवढ्या पुरतात. 'सनातन' हा शब्द जड वाटतो तो आपल्याला. मुलाला तो 'डायनोसॉर'पेक्षा सोपा जातो. पाठांतराचा हट्टच असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं 'येशू रडला' घ्यावं. दोन शब्द, आणि रडणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. फक्त लगेच 'काऊन रडला?' असा प्रश्न येतो. त्याचा मित्र मेला होता, एवढं खरं उत्तर द्यावं आणि थांबावं.

गोष्ट सांगायची तर वस्तू हातात हवी. येशूनं पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजारांना जेवू घातलं, त्या गोष्टीत आपल्या मराठी बायबलात 'भाकरी'च आहे, त्यामुळे ज्वारीची एक भाकरी पुढे ठेवली की निम्मं काम होतं. तिचे पाच तुकडे मुलानं मोडावे आणि वाटावे. उरलेल्या बारा टोपल्यांचा हिशेब पुढच्या वर्षी.

आता मेणबत्ती. नागपुरात मार्च ते जून ती पेटत नाही, कुलर विझवतो. कुलर बंद केला तर मूल घामेजून किरकिरतं, चालू ठेवला तर वाचन ऐकू जात नाही. म्हणून उन्हाळ्यात वाचन कमी आणि गाणं जास्त, टाळ्या वाजवत. हिवाळ्यात मेणबत्ती जमते, पण मुलाच्या लेखी ती वाढदिवसाची असते. पेटवली की ते फुंकर मारतं आणि 'हॅपी बर्थडे' सुरू करतं. रागावून उपयोग नाही. फुंकर शेवटी, 'आमेन' झाल्यावर, आणि ती त्यानंच मारायची, असं एकदा ठरवून टाकावं. मग त्या फुंकरीसाठी ते सगळी प्रार्थना धरून बसतं.

मेणबत्त्यांचा खरा हंगाम आगमनकाळ. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. याच दिवसांत बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, आणि त्यामुळे आपल्या गावात ख्रिस्तिंगल, म्हणजे लाल फीत गुंडाळलेल्या संत्र्यात खोवलेली मेणबत्ती, करायला निमित्त मिळतं. जर्मनीतल्या मारियनबॉर्नला १७४७ साली मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत मुलांना लाल फीत बांधलेली मेणबत्ती दिली गेली, तिथून ही प्रथा आली. संत्रं त्यात मागाहून शिरलं. इंग्लंडमधल्या चर्चांत ती १९६८ पासून पसरली. संत्रं म्हणजे जग, ज्योत म्हणजे ख्रिस्त, फीत म्हणजे त्याचं रक्त, चार काड्यांवर पृथ्वीची फळं. तीन वर्षांच्या मुलाला 'हे जग, हा येशूचा उजेड' एवढं बस. रक्ताचं ते विचारील तेव्हा.

नागपुरी संत्र्याची साल मात्र सैल असते, आणि सगळे घोटाळे तिथून होतात. फार पिकलेलं, फुगलेलं फळ घेतलं तर मेणबत्ती डुलते. हाताला जड लागणारं, देठाजवळ किंचित हिरवट असं निवडावं. ते वाटीत तांदळावर बसवावं, म्हणजे गडगडत नाही. देठाच्या जागी दोन सेंटिमीटरची फुली चिरावी. या फळात फोडींच्या मधोमध पोकळी असते, मेणबत्ती नेमकी त्यात उतरते. जोर केला तर फोडी फुटून रस वर येतो. वाढदिवसाची बारीक मेणबत्ती लवकर संपते. साधी मेणबत्ती दोन-अडीच इंचांची तोडून, तिचं बूड फॉइलमध्ये गुंडाळून लावावी. त्याच फॉइलची कड वर पसरली की मेण सालीवर गळत नाही. फीत सालीला चिकटत नाही, तेलकटपणा आड येतो, म्हणून फितीचं टोक फितीवरच चिकटवावं. टूथपिकची वरची अणी मोडून मगच त्यावर मनुका किंवा मऊ खजुराचे बारीक तुकडे लावावेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात.

पेटवण्याआधी लोकरी टोपी काढावी, केस मागे बांधावे, स्वेटरच्या बाह्या वर सरकवाव्या. वाटी मोठ्यांच्या हातात, मुलाचे हात त्या हातांवर. ज्योत जळत असताना संत्रं सोलायला कुणी घेऊ नये: सालीतल्या तेलाचा फवारा ज्योतीवर उडाला की चटचट ठिणग्या उडतात, आणि मुलाला तेवढंच पुन्हा पुन्हा हवं असतं.

फुंकर झाली की संत्रं सोलून वाटायचं. मधल्या एक-दोन फोडींना मेणाचा वास लागलेला असतो. त्या मोठ्यांनी खायच्या.