गाठ गुलाबी निघाली

विहिरीजवळच्या एकरात आमच्याकडे वर्षानुवर्षं ऊसच होता. तो मोडून 2022 च्या रब्बीत तिथे पहिल्यांदा हरभरा घेतला. बियाण्याला जिवाणू लावायचे एवढं ऐकून माहीत होतं. खरिपात सोयाबीनसाठी आणलेली रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या जिवाणूंची, तीन पाकिटं माळ्यावर उरली होती. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "चालतंय की, कडधान्य ते कडधान्य." मी लावून मोकळा झालो.

महिन्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागली. घाबरून युरिया फेकला. पीक हिरवंगार झालं, कमरेकडे झेपावलं, पण घाटे लागायच्या वेळी नुसता पाला.

गावात आलेल्या कृषी सहायकांनी एकच प्रश्न विचारला, "गाठी बघितल्या का?" मी पटकन एक झाड उपटलं. ते म्हणाले, "असं नाही दादा, गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं खणा." मातीच्या ढेकळासकट झाड काढलं, बादलीत बुडवून हलक्या हातानं धुतलं. मूळ साफ कोरं होतं.

मग त्यांनी रिकामं पाकीट मागितलं आणि त्यावरचं पिकाचं नाव मला वाचायला लावलं. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळाशी गाठ धरत नाहीत, दोघांची जात वेगळी. त्यातून आमच्या रानात हरभरा कधी झालाच नव्हता, म्हणजे मातीतही त्याचे जिवाणू असण्याची आशा कमी. आणि माळ्यावर पत्र्याखाली चार महिने तापलेल्या पाकिटात जिवंत काय उरलं असेल? ते जिवाणू म्हणजे जीव आहेत, पावडर नव्हे, हे तोवर माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी परभणीला कृषी विद्यापीठात जाऊन हरभऱ्याच्याच जिवाणूंचं संवर्धन (पाकिटं) आणलं. तारीख बघितली, आणि पेरणीपर्यंत पाकिटं माठाशेजारी गारव्याला ठेवली. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, या हिशेबानं एकराच्या 30 किलोला तीन पाकिटं. बियाणं घरचंच होतं. आदल्या दिवशी त्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावली, मर रोगासाठी. पेरणीच्या सकाळी आईनं गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलं. गरम पाण्यात जिवाणू मरतात. ताडपत्रीवर बी पसरून पाणी जेमतेम ओलं होईल एवढंच शिंपडलं, कारण जास्त झालं की हरभरा फुगतो आणि साल सुटते. वरून पाकिटातली जिवाणूंची काळी भुकटी टाकून दोघांनी हातानं हळूहळू चोळलं. प्रत्येक दाण्यावर काजळासारखा थर बसला. गोठ्याच्या सावलीत तासभर सुकवलं आणि उन्हं चढायच्या आत पेरून टाकलं. चार तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, मुद्दाम बिनलावलेल्या बियाण्याची ठेवली. खत म्हणून पेरताना डीएपीची एक गोणी, बस्स. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना जवळ करत नाही, म्हणून युरियाला हात लावला नाही. हे जड गेलं. शेजारचं रान गर्द दिसायला लागलं की हात शिवशिवतो.

पस्तिसाव्या दिवशी खुरपं घेऊन गेलो. बादलीत माती सुटली तशी सोटमुळावर, जमिनीलगत, पोवळ्यासारख्या फुटव्यांच्या गाठी दिसल्या. एक नखानं फोडली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखा गुलाबी रंग! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं द्रव्य त्यात असतं. गाठीतला प्राणवायू ते आवरून धरतं, म्हणून जिवाणूंना हवेतला नत्र बांधता येतो. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. बिनलावलेल्या तासात मोजून दोन बारक्या गाठी सापडल्या, आतून पांढऱ्या. डिसेंबरात ती चार तासं बांधावरूनही फिकी ओळखू यायची. ती वेगळी मळली नाहीत, म्हणून पिकाच्या उताऱ्यातला फरक किती ते सांगत नाही. पण बाकीच्या, जिवाणू लावलेल्या रानात घाटे पाल्याआडून डोकावत होते.

आता तुरीची तयारी चालू आहे. तुरीचं पाकीट वेगळं. ते माठाशेजारी ठेवलंय, आणि आईनं त्यावर ओलं फडकं टाकलंय.