बेबेलचं घर कशावर चालायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑगस्ट बेबेल या जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: हातावर पोट असलेला माणूस चाळीसहून जास्त वर्षं जर्मन संसदेत होता, मग घरी चूल कशावर पेटायची?

शंका रास्त आहे. 1871 च्या राज्यघटनेच्या 32व्या कलमानं खासदारांना पगारच नाकारला होता. चॅन्सेलर बिस्मार्कनं मताचा हक्क पंचविशी गाठलेल्या पुरुषांना दिला खरा, पण बर्लिनला महिनोन्महिने स्वखर्चानं राहणार कोण? पक्षानं आपल्या खासदारांना मदत केली, तर 1885 मध्ये त्यावरही खटले भरले. मानधन सुरू झालं थेट 1906 साली, वर्षाला 3000 मार्क.

बेबेल पेशानं कातारी, म्हणजे लेथवर लाकूड-शिंग घडवणारा कारागीर. बाप प्रशियाच्या फौजेत साधा हुद्देदार. तो लवकर गेला, आणि तेराव्या वर्षी आईही. खाणीचं शिक्षण घ्यायचं मनात होतं, पैसे नव्हते. 1864 पासून लाइपझिगमध्ये त्याचा स्वतःचा कारखाना होता. माल म्हणजे म्हशीच्या शिंगाच्या, दारा-खिडक्यांना लावायच्या मुठी. शिंग बुडाशी पोकळ, टोकाकडे भरीव. कातायला कामाचा तो भरीव भाग. ऊब दिली की शिंग नमतं, जास्त तापलं की करपून ठिसूळ होतं आणि पटाशी लागताच टवका उडतो. म्हणजे नजर हटवायची सोय नाही, आणि मालक तर सतत सभेत, नाहीतर तुरुंगात.

1872 मध्ये राजद्रोहाबद्दल दोन वर्षं किल्ल्यात कैद झाली, त्यावर राजाच्या अपमानाबद्दल आणखी नऊ महिने. खासदारकी काढून घेतली. त्याच्या मतदारसंघातल्या, ग्लाउखाऊ-मेरानच्या विणकरांनी पोटनिवडणुकीत जास्त मतांनी परत निवडून दिलं. या काळात कारखाना सांभाळला तो बायकोनं, यूलीनं. चरित्रांत तिला फार तर एखादा परिच्छेद मिळतो, हे मला खटकतं.

पुढे इस्लाइब नावाचा भागीदार मिळाला आणि बेबेल मुठी विकायला गावोगाव फिरू लागला. 1878 च्या कायद्यानं पक्षाच्या सभा, वर्तमानपत्रं सगळं बंद केलं होतं. पण मुठींच्या विक्रेत्यानं कुठल्या गावी उतरावं याला बंदी कशी घालणार? धंद्याच्या फेरीतच पक्षाची कामं उरकायची.

नंतर लेखणीनं हात दिला. स्त्रियांच्या प्रश्नावरच्या त्याच्या 1879 च्या पुस्तकाच्या पन्नास आवृत्त्या निघाल्या. त्या कमाईतून झुरिकच्या तळ्याकाठी, क्युसनाख्टला बंगला बांधला. नाव ठेवलं ‘व्हिला यूली’.