खांबाआडचं नाटक

लहानपणी मी दशावतार पाहिला तो देवळाच्या खांबाआडून. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या जत्रेत पुढची जागा संध्याकाळीच गोणपाट टाकून ठेवणाऱ्यांची. मला संकासूर अर्धाच दिसायचा, आणि राजा लढता लढता खांबामागे गेला की नुसता पखवाज ऐकायचा.

म्हणून इंग्लंडातल्या ब्लॅकपूलच्या ग्रँड थिएटरात शिरल्यावर मी आधी खांब शोधले. मी राहते त्या प्रेस्टनहून हे गाव रेल्वेनं अर्ध्या तासावर, आयरिश समुद्राच्या काठी. ते वाढलं गिरणी कामगारांमुळे. लँकेशायरातल्या एकेका गावच्या गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद व्हायच्या आणि अख्खा गाव गाडीत बसून समुद्रावर लोटायचा. आपले चाकरमानी गणपतीला येतात ना, तसंच. फक्त मोदक नाहीत.

फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाचं हे थिएटर 23 जुलै 1894 रोजी 'हॅम्लेट'च्या प्रयोगानं उघडलं. खर्च आला 20,000 पौंड. बाहेर कोपऱ्यावर घुमट, आत डोळे दिपवणारी सोनेरी नक्षी. बैठक चार थरांची. सगळ्यात वरच्या स्वस्त बाकांना इंग्रज 'गॉड्स' म्हणतात. आपल्याकडे देव रंगमंचावर नाचतात, त्यांच्याकडे माळ्यावर बसतात!

खरी करामत त्या थरांत आहे. मॅचमनं मागची टोकं पक्की धरून सज्जे पुढे अधांतरी काढले, त्यामुळे नेहमीच्या खांबांची गरज बरीच कमी झाली. पुढच्या बाईंचा अंबाडा सोडला तर माझ्या नि रंगमंचाच्या मध्ये काही आलं नाही.

1972 साली हे सगळं पाडायचं घाटत होतं. गावकरी अडून बसले. मधे तिथं बिंगोसुद्धा खेळून झाला, आणि 1981 साली पुन्हा नाटकाचा पडदा उघडला.

यंदा जत्रेला घरी आलेय. सुतारकाम करणाऱ्या काकांना हे रंगवून सांगितलं, तर ते म्हणाले, "खांब नाय, मगे वरचो माळो रवता कशार?"

खाडीकाठी पोरं फळीच्या एका टोकावर धोंडा ठेवून दुसऱ्या टोकावर गळ टाकून बसतात, ती आठवण करून दिली. काकांना लगेच पटलं. थोडा वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले,

"ता खरा. पण रातभर पाठ खंय टेकतत?"